मातीच्या बैलालाही बक्षीस पाहिजे



खेळणी कोणाला आवडत नाहीत? मलाही आवडतात. पण पूर्वीची खेळणी आणि आताची खेळणी यांत खूप फरक पडला आहे. तो का पडला, याबद्दल मी माझे मत लिहीत आहे.

मी आमच्या आबाजींना विचारले, "तुम्ही लहानपणी कशाने खेळायचे?" ते म्हणाले, "आमाले कोन इकत घेऊन देत होतं? आमचं खेळनं आमीच बनवाचो." त्यांच्याजवळ धांड्याची बैलगाडी होती. ज्वारीच्या धांड्याची साल काढली की आतून पांढरा मऊ गाभा निघतो. सालीच्या काड्या त्या गाभ्यात टोचायच्या आणि गाडी जोडायची. खिळा नको, दोरी नको. शिवाय भोवरा, विटीदांडू, चिंध्यांचा चेंडू आणि डालड्याच्या डब्याच्या झाकणाचे चाक. पोरी चिंध्यांची बाहुली करायच्या. घरात आणि वावरात जे उरायचे त्याचेच खेळणे व्हायचे.

मोठी माणसे म्हणतात, आजकालच्या पोरांना हाताने काही करताच येत नाही. मला हे पटत नाही. आम्ही धांड्याची गाडी करत नाही, कारण धांडे आहेत कुठे? आपल्याकडे ज्वारी कमी झाली आणि सोयाबीन आले. सोयाबीनच्या कुटाराची गाडी होते काय? डालड्याचे पत्र्याचे डबे गेले, प्लास्टिकच्या पिशव्या आल्या. म्हणजे आधी वावर बदलले, मग घर बदलले, आणि खेळणी त्यांच्या मागून बदलली. यात पोरांचा काय दोष?

आता सेलवर चालणारी मोटार मिळते. ती मस्त पळते, हे मी खरे सांगते. पण एकदा बंद पडली की घरात कोणालाच दुरुस्त करता येत नाही. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआयची खूण पाहिजे असा सरकारचा नियम आहे. म्हणून विकत घेताना आधी खूण पाहावी. मोबाईलमध्ये तर शंभर गाड्या असतात, पण हातात एकही येत नाही.

एक खेळणे मात्र आपल्या विदर्भात अजून टिकले आहे. ते म्हणजे तान्ह्या पोळ्याचा बैल. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपण लाकडी बैल सजवून घरोघरी नेतो आणि बोजारा मिळवतो. आपल्याच वर्धा जिल्ह्यात सिंदी रेल्वेचा तान्हा पोळा फार प्रसिद्ध आहे. तिथे चाकांवरचे भले मोठे नंदी निघतात. पाहायला मजा वाटते. पण तसला नंदी ओढायला मोठी माणसे लागतात. मग तो तान्हा पोळा कसला?

एके ठिकाणी मी बैलांची स्पर्धा पाहिली. पहिला नंबर सगळ्यांत मोठ्या बैलाला मिळाला. तो बैल विकत आणलेला होता आणि त्याला त्या मुलाचे काका ओढत होते. एका मुलाने मातीचा बैल स्वतः केला होता. त्याला शेवटी उभे केले आणि एक चॉकलेट दिले. बैल कोणी बनवला हे कोणी विचारलेच नाही. दुसऱ्या वर्षी तो मुलगा आलाच नाही.

पूर्वीचे सगळेच चांगले होते असेही नाही बरं का. आमची आजी म्हणते, "आमच्या वक्ती पोरी बैल घेऊन जात नोहत्या. ते पोट्ट्यायचं काम." आता आम्ही मुलीही बैल नेतो. हा बदल मला फार आवडतो.

माझे म्हणणे एवढेच आहे की तान्ह्या पोळ्यात हाताने केलेल्या बैलाला वेगळे बक्षीस पाहिजे. मातीचा बैल करणे सोपे नाही. नुसत्या काळ्या मातीचा केला तर वाळल्यावर भेगा पडतात. म्हणून मातीत कापूस पिंजून मिसळायचा. पायांच्या आत तुराटीच्या काड्या घालायच्या. जुन्या रबरी चपलेची गोल चाके कापायची. कापूस, तुराटी आणि तुटकी चपला आजही आपल्या घरी आहेतच. रिकामी बाटली आणि झाकणेही चालतील. पुण्यात राहून काम केलेले अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंची कितीतरी खेळणी करून दाखवली. त्यांना २०१८ साली पद्मश्री मिळाली. मग आपल्याला एक वही आणि एक पेन्सिल मिळायला काय हरकत आहे?

परीक्षकांनी प्रत्येकाला फक्त एक प्रश्न विचारावा, "हा बैल तू कसा केला?" विकत आणणाऱ्याला उत्तर येणार नाही.

माती धाम नदीच्या काठावर मिळते. पण पोळा पावसाळ्यात येतो आणि नदीला पूर असतो, म्हणून माती आणायला घरचे मोठे माणूस सोबत न्यावे.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता ४ थी, पवनार