त्या घरातल्या खुर्च्या कुणाच्या?

परवा एका पुरवणीत अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांच्या पत्नी जॅकलिन केनेडींवर पानभर लेख आला होता. मोठ्या उत्सुकतेने वाचायला घेतला आणि संपेपर्यंत डोकं तापलं. गोल टोपी, तीन पदरी मोत्यांचा सर, बिनबाह्यांचे झगे, भलाथोरला गॉगल. १९६२ च्या मार्चमध्ये त्या बहिणीबरोबर भारतात आल्या होत्या, तर त्या दौऱ्यातही कुठे कोणता रंग घातला होता याचीच यादी. या बाईने काही काम केलं, ते तडीस नेलं, हे त्या पानावर कुठेच नाही. कर्तबगार बाई दिसली की आधी तिचे कपडे मोजायचे, ही खोड तिकडची आणि इकडची सारखीच. मला या खोडीचा मनापासून राग येतो.

माहिती थोडक्यात सांगते. जन्म १९२९ चा. १९६१ च्या जानेवारीत त्या व्हाइट हाउसमध्ये राहायला गेल्या तेव्हा वय ३१. २२ नोव्हेंबर १९६३ ला डॅलसमध्ये नवऱ्याची हत्या झाली, म्हणजे तीन वर्षंही पुरी झाली नाहीत. १९६८ मध्ये ओनासिसशी लग्न. ते गेल्यावर १९७५ पासून न्यूयॉर्कमध्ये पुस्तकांच्या संपादक, आधी व्हायकिंगमध्ये, मग डबलडेमध्ये. १९९४ च्या मे महिन्यात निधन.

आता मला जे सांगायचं आहे ते. व्हाइट हाउसमध्ये पाऊल टाकलं तेव्हा त्यांना तिथे जुनं असं फारसं काही दिसलंच नाही. त्या घराची रीतच तशी होती. नवा अध्यक्ष आला की त्याच्या आवडीचं सामान यायचं आणि आधीचं लिलावात निघायचं. १८८२ मध्ये चेस्टर आर्थर यांनी तर २४ गाड्या भरून सामान विकून टाकलं. ट्रुमन यांच्या काळात घर आतून पार पोखरून नव्याने बांधलं आणि मग दुकानातून आणलेल्या फर्निचरने भरलं. ज्या घरात लिंकन राहिले, तिथे लिंकनच्या काळातलं काही शोधायला जावं तर हाताशी थोडकंच लागे.

जॅकलिन यांनी महिन्याभरात समिती नेमली. अध्यक्षस्थानी हेन्री ड्यू पाँट, जुन्या अमेरिकन फर्निचरचे सगळ्यात जाणते संग्राहक. स्वतः तळघरं आणि गोदामं धुंडाळली. घरोघरी पत्रं गेली, की तुमच्याकडे त्या घरातलं काही असेल तर परत द्या. अध्यक्ष मन्रो यांनी १८१७ मध्ये पॅरिसहून सोनेरी मुलाम्याच्या खुर्च्या मागवल्या होत्या, त्या पुढे लिलावात गेल्या होत्या. त्यांतली एक परत मिळाली आणि तिच्यावरून बाकीच्या नव्याने घडवून घेतल्या.

ते प्रसिद्ध टेबलही त्यांनीच वर आणलं. ब्रिटिश जहाज ‘रेझोल्यूट’ मोडीत निघालं तेव्हा त्याच्या ओक लाकडाचं टेबल करून व्हिक्टोरिया राणीने १८८० मध्ये अध्यक्ष हेज यांना पाठवलं होतं. १९६१ मध्ये ते खाली, प्रसारणाच्या खोलीत पडून होतं. जॅकलिन यांनी ते ओव्हल ऑफिसात ठेवलं. त्याच्या पुढच्या बाजूला, गुडघ्यांच्या जागी, एक छोटं दार आहे आणि त्यावर गरुडाची राजमुद्रा कोरलेली आहे. अध्यक्ष रूझवेल्ट यांनी ते पायांतले आधार झाकण्यासाठी करायला सांगितलं, पण बसवलं गेलं ते त्यांच्या मृत्यूनंतर. १९६३ मध्ये वडील वर कागद वाचत असताना केनेडींचा लहानगा मुलगा जॉन त्याच दारातून डोकावतोय, तो फोटो पुष्कळांना आठवत असेल. फोटो जगाला ठाऊक, टेबल कुणी वर आणलं ते मात्र विचारावं लागतं.

हे सगळं एखाद्या हौशी, श्रीमंत बाईनेही केलं असतं. जॅकलिन यांचं मोठेपण पुढच्या पायरीत आहे. त्यांनी ओळखलं, की आपण आज आणलेलं सामान उद्या येणारा काढून टाकेल. म्हणून १९६१ च्या सप्टेंबरात कायदा झाला: व्हाइट हाउसमधल्या ऐतिहासिक आणि कलात्मक मोलाच्या वस्तू त्या घराच्या. तिथे राहणाऱ्याला त्या नको असतील तर स्मिथसोनियन संग्रहालयाने सांभाळायच्या, विकायच्या नाहीत. क्युरेटर नेमला. वेगळी संस्था काढून १९६२ मध्ये त्या घराची मार्गदर्शिका छापली, एक डॉलर किमतीची, आणि तिचे पैसे संग्रहासाठी लावले. त्याच वर्षी १४ फेब्रुवारीला टीव्हीवर कोट्यवधी लोकांना घर फिरवून दाखवलं, कोणती वस्तू कुणी परत दिली ते नावानिशी सांगत. नवरा गेल्यावर, स्वतः ते घर सोडल्यावरही, त्यांनी नवे अध्यक्ष जॉन्सन आणि त्यांच्या पत्नीकडे हा विषय लावून धरला. १९६४ च्या मार्चमध्ये जॉन्सन यांनी आदेश काढून क्युरेटरचं पद आणि जतन समिती कायम केली.

मी हे इतक्या तावातावाने लिहितेय त्याला कारण आहे. आमच्या भागातल्या एका जुन्या वाचनालयाने गेल्या महिन्यात ‘नूतनीकरण’ केलं. वर्तमानपत्रं उभ्याने वाचायची उतरत्या फळ्यांची सागवानी मेजं होती. खालची आडवी पट्टी लोकांनी पाय टेकून टेकून मधोमध झिजवलेली. प्रत्येक मेजावर देणगीदाराच्या नावाची छोटी पितळी पाटी. सगळी भंगारवाल्याने वजनावर नेली. पाट्यांसकट. आता तिथे पांढऱ्या सनमायक्याची टेबलं आहेत, त्यांचे कोपरे आत्ताच सुटू लागलेत.

मी डेड स्टॉक रजिस्टर बघायला मागितलं. मिळालं. त्यात नोंद होती: ‘टेबल, लाकडी, जुने, नग ४’. निर्लेखनाचा शेरा मारलेला, सही केलेली. कुणी दिलं, कधी दिलं, कोणत्या लाकडाचं, काही नाही. कुणी चोरी केलेली नाही, कुणी नियम मोडलेला नाही. त्याचाच मला जास्त त्रास होतो. ज्यांनी ती विकली ते भली माणसं आहेत, रात्री आठपर्यंत फुकट राबणारी. त्या वस्तू आपल्या विकायच्या नाहीत, हे त्यांना सांगणारी एक ओळ कुठे लिहिलेली नव्हती, एवढंच.

तशी लिहिलेली ओळ किती ताकदीची असते, ते न्यूयॉर्कने पाहिलं. ग्रँड सेंट्रल स्थानकाच्या डोक्यावर पन्नासहून जास्त मजल्यांचा टॉवर बांधायचा रेल्वे कंपनीचा बेत होता. आपल्या सीएसएमटीवर कुणी तसं करायचं म्हटलं तर कसं वाटेल? शहराकडे १९६५ चा वारसा-कायदा होता, पण १९७५ च्या जानेवारीत निकाल कंपनीच्या बाजूने लागला आणि कंगाल झालेलं शहर अपील करायला कचरत होतं. जॅकलिन पत्रकार परिषदेत येऊन उभ्या राहिल्या आणि महापौर बीम यांना स्वतःच्या हाताने पत्र लिहिलं. अपील झालं. १९७८ मध्ये खास आगगाडीने मंडळी वॉशिंग्टनला गेली, त्या गाडीतही त्या होत्या. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन अशा मतांनी शहराच्या बाजूने निकाल दिला. ते स्थानक आज उभं आहे.

आमच्या वाचनालयाच्या सभासदांची बैठक येत्या रविवारी आहे. मी दोन मागण्या मांडणार आहे. उरलेल्या प्रत्येक जुन्या वस्तूची फोटोसह नोंद व्हावी, आणि देणगीदाराच्या नावाची पाटी असलेली कोणतीही वस्तू सर्वसाधारण सभेच्या ठरावाशिवाय बाहेर जाऊ नये. तुमच्या घरात वाचनालयाचे जुने अहवाल, देणगीच्या पावत्या, शारदोत्सवातले फोटो असतील तर घेऊन या. फोटोत माणसांच्या मागे कपाटं आणि मेजं दिसतात. कोणतं कुणाचं, ते बसून ओळखू आणि वहीत लिहून काढू.