गॅसला वास नसेल तर मुलांना काय शिकवायचं?

शिक्षकमित्रांनो, पालकहो, 'गॅसचा वास आला की खिडक्या उघडा' हे आपण मुलांना शिकवतो. घरच्या सिलिंडरपुरतं ते बरोबर, कारण त्या एलपीजीत वास मुद्दाम मिसळलेला असतो. पण दाभोळच्या टर्मिनलवर जहाजाने येतो तो एलएनजी, म्हणजे उणे १६२ अंशांपर्यंत थंड करून द्रव केलेला, मुख्यतः मिथेन. त्याला वासच नसतो! गळती झाली तर थंड वायू जमिनीलगत पसरतो, हवेतल्या बाष्पाचं पांढरं धुकं होतं. (कोकणातल्या मुलाला धुक्याची कसली भीती?) हवेत ५ ते १५ टक्के मिसळला की ठिणगीने पेटतो. जहाजांना दुहेरी कवच असतं, मान्य. पण १९४४ साली अमेरिकेत क्लीव्हलँडला साठवण-टाकी फुटून सव्वाशेहून जास्त माणसं गेली. म्हणून माझं स्पष्ट मत : अशा टर्मिनलजवळच्या शाळांनी तिथल्या सुरक्षा अधिकाऱ्यांना वर्गात बोलवावं. भोंगा कसा वाजेल, वारा कुठून आहे ते कसं ओळखायचं, कुठल्या रस्त्याने निघायचं, हे मुलांनीच त्यांना विचारू दे.