डोहाळे कुणाचे?

गरोदर बाईनं काय वाचावं, काय पाहावं, कुठं जावं आणि कुठं जाऊ नये, यावर आपल्याकडे सल्ल्यांना तोटा नाही. पहिल्या बाळंतपणासाठी मी होटगीला माहेरी आले आणि महिनाभर हे सल्ले ऐकले. आठवा महिना होता, पगारी रजा होती. वस्त्यांमधून काम करताना गेल्या दहा-अकरा वर्षांत असा सलग महिना कधी हाताशी आला नव्हता. तेव्हा ठरवलं की वाचायचं, जवळपास हिंडायचं, मिळेल ते पाहायचं-ऐकायचं. ठरवणं सोपं होतं. ते बोलून दाखवल्यावर घरात आणि शेजारात जे ऐकलं, त्यानं मला आपल्या चळवळीच्या एका राहून गेलेल्या कामाकडे पाहायला लावलं. म्हणून हा लेख.

“वाच की, बाळाची बुद्धी तल्लख होते,” वहिनी म्हणाली. “भजनं लावत जा, बाळ शांत निपजतं,” असं आत्याचं म्हणणं. आईनं तळ्याकडं फिरून ये म्हणून सांगितलं, कारण चाललं की बाळंतपण सोपं जातं. तिघींची माया खरी आहे. पण “तुला बरं वाटेल, म्हणून जा” असं एकीच्याही तोंडून निघालं नाही. पुस्तक बाळासाठी, गाणं बाळासाठी, वाराही बाळासाठी. माझा विरंगुळा माझा नव्हताच. मी फक्त तो पोटात पोचवणारी होते.

ही गोष्ट घरापुरती राहिलेली नाही. गर्भसंस्काराचे वर्ग आता तालुक्याच्या गावांपर्यंत आले आहेत. फी भरायची आणि ठरावीक मंत्र, ठरावीक संगीत, ठरावीक चरित्रं ऐकायची. गर्भाला शेवटच्या तीन महिन्यांत आवाज ऐकू येऊ लागतो, हे खरंच आहे. आईच्या आवाजाला तो प्रतिसाद देतो, हेही दिसून आलेलं आहे. पण तेवढ्या धाग्यावर ‘तेजस्वी संतती’ची हमी टांगायची, आणि उद्या मूल अभ्यासात मागं पडलं की “तू नऊ महिने काय केलंस?” म्हणून आईलाच धरायचं, हा शुद्ध धंदा आहे. या सगळ्यांचा लाडका दाखला अभिमन्यूचा. लोकांत सांगतात ती गोष्ट अशी, की चक्रव्यूहाचा भेद ऐकता ऐकता सुभद्रेला झोप लागली, म्हणून पोराला बाहेर पडायची वाट कळली नाही. लहानपणापासून ऐकलेली ही गोष्ट आठव्या महिन्यात पुन्हा ऐकली तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं, की रणांगणावर सगळ्यांनी मिळून मारलेल्या मुलाचा दोष एका दमलेल्या गरोदर बाईच्या डुलकीवर आला आहे!

‘डोहाळे’ हा आपला केवढा गोड शब्द. संस्कृतातल्या ‘दोहद’वरून तो आला. जुन्या वैद्यकात गर्भिणीला दोन हृदयांची म्हटलं आहे आणि तिच्या इच्छा पुरवाव्यात असं सांगितलं आहे. इथवर छानच. पण पुरवल्या नाहीत तर काय, तर गर्भात व्यंग येईल. म्हणजे तिथंही तिची इच्छा ही तिची म्हणून मोलाची नाही. आपल्या परंपरेतली गरोदर बाईची सर्वांत गाजलेली सहल कोणती, आठवून पाहा. सीतेला डोहाळे लागले, गंगाकाठचे आश्रम पाहावेसे वाटले. रामानं लगेच लक्ष्मणाबरोबर रथ दिला. ती हौसेनं निघाली आणि तिकडं पोचल्यावर तिला कळलं, की आपल्याला सोडून द्यायला आणलं आहे. हे दुःख जात्यावरच्या बायकांनी बरोबर ओळखलं होतं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगाव फिरून लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या, त्यांत सीतेचा वनवास पुन्हा पुन्हा येतो.

डोहाळजेवणाच्या आपल्याकडे केवढ्या तऱ्हा! बागेतलं, चांदण्यातलं, नावेतलं. मला तर ही कल्पना फार आवडते, की पोटुशीला घेऊन चार बायका नावेत बसाव्यात. पण ज्यांच्याकडे बाग आणि फुरसत होती त्यांच्याच घरी हे सोहळे झाले, आणि आता सोहळ्यातला मुख्य खेळ वाट्या उघडण्याचा. एका वाटीखाली पेढा, एकीखाली बर्फी. पेढा निघाला की टाळ्या. गर्भलिंगनिदानाविरुद्ध बायकांनी रान उठवलं म्हणून महाराष्ट्रानं १९८८ साली देशातला पहिला कायदा केला, १९९४ मध्ये केंद्राचा आला. सोनोग्राफीच्या खोलीत पाटी लागली, पण दिवाणखान्यातली वाटी कायम आहे. माझ्या वेळी मी दोन्ही वाट्यांखाली शेंगांची पोळी ठेवायला लावली. आत्या दोन दिवस बोलली नाही.

वाचनाबद्दल थोडं. सोलापुरातून पिशवीभर पुस्तकं आणली होती. विभावरी शिरूरकरांचं ‘बळी’ (१९५०) कॉलेजात वाचलं होतं, पुन्हा काढलं. मालतीबाई बेडेकरांनी गुन्हेगार ठरवलेल्या जमातींच्या सेटलमेंटमध्ये नोकरी केली होती. तिथं पाहिलेलं या कादंबरीत उतरलं. सोलापुरातही तारेच्या कुंपणातली अशी सेटलमेंट होती, त्यामुळं हे पुस्तक आम्हां सोलापूरकरांना परक्या मुलखातलं वाटत नाही. दुसरं शांताबाई कांबळे यांचं ‘माझ्या जल्माची चित्तरकथा’ (१९८६). याच जिल्ह्यातल्या महूदला १९२३ साली जन्मलेली ही बाई शिकून मास्तरीण झाली, आणि निवृत्तीनंतर लिहिती झाली. “या दिवसांत असलं रडण्याचं कशाला वाचतेस?” हा प्रश्न रोज आला. रमाबाई रानड्यांनी १९१० साली छापलेल्या आठवणींत लिहिलं आहे, की त्या इंग्रजी शिकू लागल्या तर घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना ते खपेना. तेव्हा वाचणं हाच अपराध होता, आज ‘चांगलं’ सोडून दुसरं काही वाचणं हा अपराध. मला तर शांताबाईंचं पुस्तक वाचताना रडण्यापेक्षा धीरच जास्त आला. कुणाला त्याच वेळी विनोदी वाचावंसं वाटेल, कुणाला रहस्यकथा. वाचावी की!

आता हिंडण्याकडं येते. होटगीला रेल्वेचं जंक्शन आहे. मुंबई-चेन्नई लाइनीवरून विजापूर-गदगकडं जाणारा फाटा इथून निघतो. निम्मं गाव घरात कानडी बोलतं. तळं आहे, हिवाळ्यात तिथं लांबून पाखरं येतात. माझा महिना नेमका वेळ अमावस्येपासून संक्रांतीपर्यंतचा. बाहेरच्या मैत्रिणींसाठी सांगते: मार्गशीर्षातल्या अमावस्येला आमच्या भागात सगळं गाव शेतात जेवायला जातं. कडब्याची कोप करून पाच पांडव मांडतात, उभ्या ज्वारीत आंबील शिंपडतात. भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील. वर्षातली ही खरी सहल. मी लहानपणापासून तिच्यावर जीव टाकत आले आहे.

पण यंदा जड पायांनी एका जागी बसून पाहिलं, तर सहल कुणाची चालली होती? भज्जीच्या भाज्या आणि डाळी निवडण्यात घरातल्या बायका आदल्या दिवशी गुंतल्या, पहाटे तीनला चुली पेटल्या, टोपल्या डोक्यावरून शेतात गेल्या. झाडाखाली पंगती बसल्या त्या पुरुषांच्या आणि पोरांच्या. बायका जेवल्या तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. मग भांडी. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत सहा वर्षांवरच्या बायकांपैकी ८१.२ टक्के जणी रोज बिनमोल घरकाम करताना आढळल्या, पुरुषांपैकी २६.१ टक्के. करणाऱ्या बाईची दिवसाला सरासरी २९९ मिनिटं, पुरुषाची ९७. सणाच्या दिवशी हा आकडा कुठं जात असेल, याची कल्पना कुठल्याही बाईला करता येईल. मी गरोदर म्हणून मला बसवलं होतं. माझ्याइतकीच अवघडलेली एक जण मात्र विहिरीवरून घागरी आणत होती. आमच्या गल्लीतलीच ती, रोजानं खुरपायला जाते. तिला सातवा होता, तिसऱ्या खेपेचा.

तिला मी तळ्याकडं फिरायला बोलावलं. आधी हसली. “मी दिवसभर फिरतच असते की अक्का,” म्हणाली. खरं होतं. पण एका मंगळवारी, बाजारादिवशी कामाला सुट्टी होती, तेव्हा आली. दोघी बांधावर बसलो. पाखरं पाहिली, शेंगा खाल्ल्या. अर्धा तास ती घरच्या शेळीबद्दल बोलली. मग सहज म्हणाली, “यावेळी पोरगी झाली तरी मला ऑपरेशन करून घ्यायचंय. कुणाला बोलू?” आमच्या घरासमोरच तिचं घर. अंगणवाडीत वजनाला येते, नर्सबाईंकडून गोळ्या नेते, दर वेळी सासू शेजारी असते. तिथं हे वाक्य तिच्या तोंडून कधी निघणार होतं?

आपल्या कार्यकर्त्यांत हा विषय काढला, की पहिला आक्षेप ठरलेला. “तिच्या अंगात रक्त नाही, आणि तू पुस्तकं-सहली काय काढतेस?” हा आक्षेप मी हलका मानत नाही. सोलापूरच्या पूर्व भागात मांडीवर सूप घेऊन दिवसाला हजार विड्यांच्या मागं लागलेल्या बायका मी पाहते. तंबाखूची धूळ नाकातोंडात, पाठ वाकलेली, आणि दिवस भरेपर्यंत हात चालू. कायद्यानं २०१७ पासून पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची पगारी रजा आहे, पण जिचं नाव कुठल्या रजिस्टरवर नाही, जी दुसरीच्या कार्डावर विड्या वळते किंवा रोजानं खुरपते, तिला ती रजा कोण देणार? २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात गरोदर बाईला किमान ६००० रुपये लिहिले आहेत. २०१७ पासूनच्या मातृवंदना योजनेत पहिल्या खेपेला ५००० मिळतात. दुसऱ्या खेपेला मुलगी झाली तरच ६०००. तिसरीला काहीच नाही. आमच्या गल्लीतली ती बाई या योजनेत बसत नाही. बुडालेल्या रोजाची भरपाई मिळाल्याशिवाय ‘विश्रांती घ्या’ हा सल्ला तिच्या कानाला थट्टेसारखा लागतो. तेव्हा पैशाची आणि रजेची मागणी पहिली, यात वाद नाही.

माझं म्हणणं एवढंच, की ती मागणी करताना आपण फक्त ‘बाळाचं वजन’ आणि ‘मातामृत्यू’ एवढ्याच भाषेत बोलतो. सरकारही त्याच भाषेत बोलतं, घरातली सासूही. गरोदर बाईला वेळ हवा तो तिच्यासाठी, असं आपणसुद्धा म्हटलं नाही तर म्हणायचं कुणी? आठ तास कामाचे, आठ झोपेचे आणि आठ स्वतःचे, ही मागणी गिरणीतल्या कामगारांनी लावून धरली तेव्हा त्या शेवटच्या आठ तासांत ते काय करणार, याचा हिशेब त्या मागणीत नव्हता.

करायच्या गोष्टी फार मोठ्या नाहीत. अंगणवाडीत गरोदर बायकांची ओटी भरतात, फळं देतात, फोटो काढतात. त्याच दिवशी, सासवांना निरोप देऊन, तासभर त्या चौघी-पाचजणींनाच एकत्र बसू द्यावं. वाचता येणारीनं वाचून दाखवावं, रेडिओ लावावा, नुसत्या गप्पा झाल्या तरी चालेल. गावातल्या वाचनालयाच्या कट्ट्यावर सकाळ-संध्याकाळ पुरुष पेपर वाचत बसलेले असतात. बाई तिथं पाय ठेवत नाही. दुपारी दोन तास ते बायकांसाठी उघडं ठेवावं, ही मागणी ग्रामसभेत सहज करता येते. मी करून पाहिली. “बायका कुठं वाचतात?” असं एक जण म्हणाला. मागं बसलेल्या बचतगटाच्या बायकांपैकी एक उठून म्हणाली, “आधी उघडा तर खरं.” निर्णय पुढच्या सभेवर गेला आहे.

संक्रांतीनंतर आम्ही सहाजणी सिद्धेश्वरच्या गड्ड्याला गेलो. गर्दी टाळायची म्हणून नंदीध्वजांच्या मिरवणुकीचा दिवस सोडला आणि साधा वार, दुपारची वेळ धरली. घरून डबा न्यायचा नाही, असं आधीच ठरवलं होतं. होम मैदानावर पाळण्यात बसलो नाही, बाकी सगळं पाहिलं. भजी विकत घेऊन खाल्ली. तळ्याकाठच्या पायरीवर बसलो तेव्हा बरोबरच्या एका म्हाताऱ्या मावशींनी सांगितलं, की पन्नास वर्षं गड्ड्याला येते, पण घरच्यांची मोट सांभाळल्याशिवाय आज पहिल्यांदा आले. तळ्यावरची ती मैत्रीणही होती. सासूला काय सांगून आली, ते मी विचारलं नाही. तिच्या ऑपरेशनचं नर्सबाईंशी बोलणं झालं आहे. नवऱ्याशी ती स्वतः बोलणार आहे.

माझे दिवस भरत आले. पुस्तकांची पिशवी आता पत्र्याच्या पेटीत गेली आहे आणि पेटी अंगणवाडीत. बावीस पुस्तकं आहेत, त्यांतली चार कानडी. किल्ली अंगणवाडीताईंकडे आहे. पहिल्या आठवड्यात पाच गेली, एक भिजून परत आलं. कुणाकडे मोठ्या अक्षरांतली, नव्यानं वाचायला शिकलेल्या बायकांना झेपतील अशी पुस्तकं असतील तर पाठवावीत. कानडी असतील तर फारच बरं.