पुस्तक मिटून उजळणी

परवा लातूरहून नात नांदेडला आली. बारावीला मानसशास्त्र आहे. "आजोबा, व्याख्या विचारा," म्हणाली. अभिसंधान, स्मृती, विस्मरण... सगळं घडाघडा म्हणून दाखवलं. मी विचारलं, "पाव्हलॉव्हच्या कुत्र्यासारखं तुझं कधी होतं का गं?" गप्पच! मग हसून म्हणाली, "मधल्या सुट्टीची घंटा झाली की डबा उघडायच्या आधीच तोंडाला पाणी सुटतं." आता अभिसंधान ती विसरायची नाही.

पाठ केलेलं सुरुवातीलाच झपाट्याने विसरतं, हे एबिंगहाउसने १८८५ सालीच दाखवलं. पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा स्वतः आठवून पाहिलेलं आठवड्यानंतरही जास्त टिकतं, हे रोडिगर आणि कार्पिक यांच्या २००६ च्या प्रयोगात दिसलं. लातूर पॅटर्नला घोकंपट्टी म्हणून नावं ठेवतात. पण त्यातल्या सततच्या सराव चाचण्या मला मोलाच्या वाटतात. फक्त चाचणीत नुसती व्याख्या नको, स्वतःचं उदाहरणही मागा.

मीही वर्गात व्याख्या घोकूनच घेतल्या. मुलांना मार्क मिळाले. समजलं किती, कोण जाणे. ती चुटपुट अजून आहे.

असो. तुमच्या घरी कोणी बारावीला असेल तर सांगा : पुस्तक मिट, कोऱ्या कागदावर आठवून लिही, घरातलं एक उदाहरण दे, मगच पुस्तक उघड.