जुन्या गाडीची कुलपे आणि पाठशुद्धीचा प्रश्न

जुना पाठ शुद्ध करताना संपादकाने कोठे थांबावे, हा वाद आपल्या परिचयाचा आहे. जुन्या मोटारींच्या जगातही तो चालतो, आणि दारांच्या कुलपांपाशी तो विशेष स्पष्ट होतो.

उदाहरणादाखल मर्सिडीज-बेंझची डब्ल्यू 123 ही मालिका घेऊ. ती 1976 साली बाजारात आली. तिच्यातील सेंट्रल लॉकिंग विजेवर नव्हे, तर निर्वातावर चालते. डिझेल गाडीत इंजिनावरचा पंप हवा शोषून घेतो आणि त्या निर्वाताचा साठा एका टाकीत राहतो. चालकाच्या दारात किल्ली फिरली की पिवळ्या नळ्यांतून हे शोषण उरलेली दारे, डिकी आणि इंधनटाकीचे झाकण यांच्यापर्यंत पोहोचते. तेथील रबरी पडदे कुलपांच्या दांड्या ओढतात.

कालांतराने हे रबर चिरते. मग दारे बंद होत नाहीत. पण गोष्ट एवढ्यावर थांबत नाही. या गाडीचे डिझेल इंजिनही त्याच निर्वाताच्या साहाय्याने बंद होते. त्यामुळे मागच्या दारातला पडदा फाटला, तर किल्ली काढून घेतल्यावरही इंजिन चालूच राहू शकते. एका ओळीतील पाठभेदाने साऱ्या प्रकरणाचा अर्थ बिघडावा, तसाच हा प्रकार.

यावर सोपा उपाय म्हणजे जुन्या नळ्यांची तोंडे बुजवायची आणि प्रत्येक दारात विजेची छोटी मोटर बसवायची. हे स्वस्त पडते आणि वर रिमोटही मिळतो. तरीही माझ्या मते हा पहिला उपाय नसावा. हातपंप आणि दाबमापक घेऊन एकेक दार वेगळे तपासले, तर पुष्कळदा एखाददुसरा पडदाच निकामी झालेला आढळतो. तो बदलणे म्हणजे जीर्ण पोथीची नवी प्रत करणे होय. मोटर बसवणे म्हणजे पोथीत स्वतःची ओवी घालणे. एकनाथांनी शके 1506मध्ये ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला, तेव्हा पुढच्यांनी नेमके हेच करू नये असे बजावले होते.

अर्थात गाडी म्हणजे पोथी नव्हे. ती रस्त्यावर उभी राहते, तिच्यात लहान मुले बसतात. ज्याला ती रोज वापरायची आहे, त्याला भरवशाचे कुलूप हवेच; त्याला शुद्धतेचे प्रवचन देण्याचा अधिकार आपल्याला नाही. मात्र त्याने एक पथ्य पाळावे. पत्र्याला नवे भोक पाडू नये, मूळ तारा कापू नयेत आणि काढलेले भाग चिठ्ठी लावून जपून ठेवावेत. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने 2012 साली स्वीकारलेल्या तूरिन सनदेचा रोखही असाच आहे: केलेला बदल ओळखता यावा आणि पुढे मागे घेता यावा.

आपण संपादकाकडून तरी याहून वेगळे काय मागतो? त्याने दुरुस्ती जरूर करावी. पण मूळ पाठ तळटीपेत ठेवावा. कारण आज आपल्याला जे निरुपयोगी वाटते, त्यातूनच उद्याचा वाचक त्या काळाची विचार करण्याची रीत शोधणार असतो. इंजिनाच्या शोषणाने दार बंद करण्याची कल्पना ही अशीच एक रीत होती.

वाचकांचे मत याहून वेगळे असल्यास ते अवश्य मांडावे.