झिजलेल्या टायराची साक्ष

संसाराच्या जमाखर्चाच्या वहींत गेल्या वीस-पंचवीस वर्षांत जीं नवीं खातीं उघडलीं गेलीं, त्यांत मोटारीचें खातें फार मोठें होय. गिरगांवच्या चाळींतून दादरास आणि दादराहून परळच्या उंच मनोऱ्यांत गेलेल्या कुटुंबांत आतां पन्नास-साठ लक्ष रुपयांची परदेशी बनावटीची मोटारहि दिसूं लागली आहे. ज्यास परवडते त्यानें ती जरूर घ्यावी. उद्योगानें मिळविलेल्या सुखाबद्दल आम्हांस असूया नाहीं. तथापि किंमत, व्याज, विमा व पेट्रोल यांचा बारीक विचार करणारे चतुर लोकहि एक खर्च हिशेबांत धरीत नाहींत. तो टायरांचा. आणि न धरलेला खर्च अंगावर आला म्हणजे तो कोणाच्या तरी माथीं मारण्याची बुद्धि होते. मुख्यतः या दुसऱ्या गोष्टीसाठींच आजचा हा लेख आहे.

आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याकडे नुकताच असा प्रसंग घडला. त्याचें बिऱ्हाड परळास, एका जुन्या गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या मनोऱ्यांत आहे. त्याची नवी गाडी वीस हजार किलोमीटर चालली न चालली तोंच चारी टायर बाद झाले. नव्या चारांचें बिल एक लक्ष चाळीस हजार रुपये! पूर्वीची लहान गाडी एकाच जोडणीवर चाळीस हजार किलोमीटर सुखानें चालली होती, हें त्यास आठवलें. ती गाडी तो स्वतः चालवी. ही गाडी ड्रायव्हर चालवितात. एवढ्यावरून त्यानें निर्णय केला कीं, दोष ड्रायव्हराचा. ड्रायव्हर लालबागच्या चाळींत राहणारे, पन्नाशी उलटलेले गृहस्थ. पगार चोवीस हजार. त्यांतून दरमहा चार हजार याप्रमाणें दहा महिने कापावयाचे ठरलें, आणि पहिला हप्ता कापलाहि गेला. आम्ही भेटीस गेलों असतां त्यानें ही हकीकत सांगून विचारलें, “सर, मी अन्याय तर करीत नाहीं ना?” हा प्रश्न त्यास पडला, एवढेंच आम्हांस त्यांत समाधानाचें वाटलें. आम्हीं उलट विचारलें, “उतरवलेले टायर तूं पाहिलेस काय?” त्यानें ते पाहिले नव्हते. बिल मात्र पाहिलें होतें.

प्रथम हिशेब पाहूं. एक लक्ष चाळीस हजारांस वीस हजारांनीं भागिलें असतां दर किलोमीटरास सात रुपये पडतात. लहान गाडीचे चार टायर वीस हजारांस मिळाले व चाळीस हजार किलोमीटर चालले, तर तोच खर्च पन्नास पैसे होतो. म्हणजे चवदापट फरक. मुंबईंत पेट्रोल लिटरास शंभर रुपयांहून अधिक आहे. गाडी लिटरास दहा किलोमीटर जात असेल, तर किलोमीटरमागें पेट्रोलाचे दहा-साडेदहा आणि टायरांचे सात रुपये! पेट्रोलाचा खर्च रोज थोडा थोडा दिसतो. टायरांचा दोन वर्षें गुप्त राहून एके दिवशीं एकदम प्रगट होतो. म्हणून तो अपघातासारखा वाटतो. वस्तुतः तो पहिल्या दिवसापासूनच चालू असतो.

आतां हे महागडे टायर इतके लवकर कां झिजावे? ते निकृष्ट असतात म्हणून नव्हे. ज्या गुणासाठीं ते केलेले असतात, त्या गुणाचीच ही किंमत आहे. मऊ रबर रस्त्यास अधिक घट्ट धरतें. त्यामुळें भरधांव गाडी वळणावर घसरत नाहीं आणि ब्रेक लावतांच लवकर थांबते. परंतु मऊ शिसाची पेन्सिल जशी काळीभोर उमटते आणि तिला वारंवार टोंक करावें लागतें, तशीच याचीहि गोष्ट आहे. त्यांत गाडीचें वजन दोन टनांच्या घरांत, इंजिनाचा जोर मोठा. कित्येक गाड्यांचे मागचे टायर पुढच्यांहून रुंद असतात. त्यामुळें पुढचे मागें व मागचे पुढें अशी अदलाबदल करून झीज वांटून घेतां येत नाहीं. पुष्कळ गाड्यांत स्टेपनी नसते. तिच्याऐवजीं ‘रन-फ्लॅट’ टायर असतात. हवा गेली तरी ते कांहीं अंतर चालतात खरे, परंतु तसे चालल्यावर बहुधा दुरुस्तीच्या उपयोगाचे राहत नाहींत. शिवाय जून २०२० मध्यें सरकारनें मोटारींच्या नव्या टायरांच्या आयातीवर परवान्याचें बंधन घातलें. तेव्हां विशिष्ट मापाच्या परदेशी टायरास दुर्मिळतेचीहि किंमत चढली. २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरांवरील वस्तु व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, हा त्यांतल्या त्यांत दिलासा.

हीं झालीं सामान्य कारणें. परंतु अमुक एका गाडीचे टायर विशेष लवकर कां झिजले, हें ठरविण्यास टायराकडेच गेलें पाहिजे. पर्वतावरील धुरावरून अग्नीचें अनुमान करण्यास आपलें न्यायशास्त्र शिकवितें. टायरावरील खुणाहि अशाच वाचावयाच्या असतात. दोन्ही कडा झिजल्या आणि मध्य शाबूत राहिला, तर हवा कमी होती. मध्य झिजला आणि कडा राहिल्या, तर हवा जास्त होती. जागोजागीं वाटीसारखे खळगे पडले, तर शॉक-अब्सॉर्बर दुबळे झाले किंवा चाकाचा तोल गेला. तळहात आडवा फिरविला असतां एकीकडून गुळगुळीत व दुसरीकडून करवतीसारखें लागलें, तर चाकाची दिशा चुकली. एकाच ठिकाणीं सपाट डाग असेल, तर जोराचा ब्रेक लागून चाक जाम झालें. पुढच्या टायरांच्या बाहेरच्या कडा खाल्ल्या गेल्या, तर वळणें वेगानें किंवा फार आंखूड घेतलीं. यांतील शेवटच्या दोन खुणांचा दोष चालविणाराकडे जाऊं शकतो. बाकीच्या गाडीच्या निगेच्या आहेत.

जुने टायर गाडी ठेवण्याच्या जागींच पडले होते. आम्ही तिघेहि तेथें गेलों. मागच्या दोहोंची बाहेरची बाजू अजून बरीच शाबूत होती. आंतली कड मात्र तारा दिसेपर्यंत खाल्ली गेली होती. ही कड गाडीखालीं वळलेली असल्यामुळें उभ्यानें पाहणारास दिसतच नाहीं. वेगांत गाडी स्थिर राहावी म्हणून अशा गाड्यांची चाकें वरच्या बाजूस किंचित आंत कललेलीं असतात, त्यामुळें आंतल्या कडेवर भार अधिक येतो. त्यांत चाकाची दिशा बिघडली म्हणजे तीच कड प्रथम जाते. ड्रायव्हरांस आम्हीं विचारलें, तेव्हां ते म्हणाले, “पावसाळ्यांत मागचें चाक खड्ड्यांत जोरानें आपटलं होतं. तेव्हांपासून स्टिअरिंग जरा वांकडं धरलं तरच गाडी सरळ जायची. साहेबांना मीं दोनदां सांगितलं.” मालकास तें आठवलें. त्यानें दोन्ही वेळां “बघूं” असें म्हटलें होतें.

दुसऱ्या दिवशीं व्हील अलाइनमेंटच्या यंत्रावर गाडी चढविली. मागचीं चाकें अंशाच्या पांचव्या भागानें चुकलेलीं निघालीं. हें वाचून कोणासहि हसूं येईल; परंतु भूमितीस हसूं येत नाहीं. एवढ्याशा कोनानें चाक दर किलोमीटरास साडेतीन मीटर आडवें ओढलें जातें. कांहीं ताण रबर वांकून सोसतें, बाकीचा घासून. दहा हजार किलोमीटरांत हें आडवें ओढणें पसतीस किलोमीटर होतें. १८५३ सालीं पहिली आगगाडी बोरीबंदराहून ठाण्यास गेली, जवळजवळ तितकें! पुढच्या टायरांच्या बाहेरच्या कडाहि झिजल्या होत्या. त्याचा थोडा दोष चालविण्याकडे जाईल. पण त्या मनोऱ्यांत गाडी सहाव्या मजल्यावर ठेवतात. रोज जातां-येतां आंखूड वळणांच्या चढणीवर तें दोन टनांचें धूड फिरवावें लागतें. तेथें कोणीहि बसला असता तरी टायर करकरलेच असते.

परळ-लालबागच्या लोकांस टायर ही वस्तु परकी नाहीं. शेजारीं शिवडीस फायरस्टोन कंपनीचा टायरांचा कारखाना होता. तो पुढें दुसऱ्या नांवांनीं चालला आणि बंद पडूनहि आतां बरीच वर्षें झालीं. याच कंपनीच्या कामगारांचा एक खटला सर्वोच्च न्यायालयांत गेला व १९७३ सालीं त्याचा निकाल लागला. मालकानें कामगारास दोषी ठरवून काढून टाकिलें असतां त्याचा शब्द अखेरचा समजावयाचा कीं पुरावा पुन्हां तपासावयाचा, हा त्यांतील एक मोठा प्रश्न होता. औद्योगिक विवाद कायद्यांत १९७१ सालीं घातलेल्या कलमान्वयें कामगार न्यायालयास पुरावा स्वतः तोलून दोष खरोखर शाबीत झाला कीं नाहीं हें पाहण्याचा अधिकार आहे, असें त्या निकालानें सांगितलें. कारखान्यांतील माणसास एवढी तरी वाट होती. घरच्या ड्रायव्हराचा फिर्यादी मालक, न्यायाधीशहि मालक, आणि पगाराची किल्ली त्याच्याच कमरेस! म्हणूनच अशा घरीं पुरावा पाहण्याची जबाबदारी अधिक.

कापलेले चार हजार परत दिले गेले व पुढील हप्ते रद्द झाले. परंतु पुढच्याच महिन्यांत ड्रायव्हरांनीं दादरास दुसरी नोकरी धरली. पैसे परत करतां येतात. बारा माणसांत बोललेला शब्द परत घेतां येत नाहीं.

आमच्या वाचकांनीं यांतून कांहीं साध्या गोष्टी घ्याव्या. गाडी पसंत करतांनाच तिच्या टायरांचें माप व किंमत विचारावी, आणि किलोमीटरमागें तितके पैसे बाजूस टाकीत जावें. टायर थंड असतांना पंधरा दिवसांनीं एकदां हवा तपासावी. किती भरावी तो आंकडा बहुधा ड्रायव्हराच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेला असतो. दर दहा हजार किलोमीटरांस, आणि खड्ड्यांत जोराचा दणका बसल्यास ताबडतोब, अलाइनमेंट तपासून यंत्राचा कागद मागून घ्यावा. उभ्या गाडीचें स्टिअरिंग फिरवूं नये. नवा टायर घेतांना बाजूवरील चार आंकडे पाहावे. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३२५ असेल, तर तो २०२५ च्या तेविसाव्या आठवड्यांतील.

आणि किंमत पाहून गोटा झालेल्या टायरांवर एक पावसाळा काढण्याचा मोह सर्वथा टाळावा. नव्या टायराची खांच सुमारें आठ मिलीमीटर खोल असते; ती १.६ मिलीमीटरवर आली कीं टायर बाद समजावा. भर पावसांत, २०२४ पासून खुल्या झालेल्या सागरी किनारा मार्गावर खांच नसलेला टायर पाणी बाहेर फेंकूं शकत नाहीं; तो पाण्यावर तरंगतो, आणि मग ब्रेक व स्टिअरिंग दोन्ही नांवापुरतीं उरतात. त्या वेळीं पुढें बसलेला ड्रायव्हर आणि मागें बसलेलीं आपलीं मुलेंबाळें एकाच टायरावर विसंबून असतात. तेव्हां महिन्यांतून एकदां गाडीपाशीं वांकून आंतल्या कडेवरून हात फिरवावा, आणि ड्रायव्हर “गाडी ओढते” म्हणाला, तर त्याच दिवशीं ती तपासावयास न्यावी.