'स्वभाव कसा आहे?' हा अर्धाच प्रश्न

भाचीसाठी एका स्थळाची चौकशी करायला दाजी गडहिंग्लजहून चिकोडीला आले आणि आम्ही दोघं गल्ल्या पालथ्या घालत निघालो. मुलगा एका पतसंस्थेत कारकून. शेजारच्या काकूंनी दारातूनच निकाल दिला, "छलो हुडुग अदान री," म्हणजे मुलगा चांगला आहे हो. कोपऱ्यावरचा किराणा दुकानदार मात्र काट्याचं पारडं पुसत सावकाश बोलला. "उधारी एक तारखेला चुकती करतोय, त्यात खोट न्हाई. आईम्होरं आवाज चढवत न्हाई. पर धाकट्या भावानं उलट उत्तर दिलं, की मग मधी पडू नगासा." बाहेर आल्यावर दाजी कुरकुरले, "एवढं ऐकलं, पण मुलाचा स्वभाव कसा आहे ते कळलंच नाही की!"

माझं म्हणणं असं, की कळण्यासारखं होतं ते सगळं दुकानदारानं सांगितलं होतं. दाजींना एक विशेषण हवं होतं. या विशेषणाच्या हव्यासाशीच माझं भांडण आहे. आणि त्यात सामान्य माणसाइतकाच मानसशास्त्रज्ञही प्रतिवादी आहे.

लोकांचा पक्ष आधी घेऊ. स्वभावाला औषध नाही. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. एकीकडे या म्हणी, दुसरीकडे बसस्टँडसमोरचे वाढदिवसाचे फलक, ज्यांवर झाडून सारे 'दिलदार व्यक्तिमत्त्व' असतात. म्हण निंदा करते, फलक स्तुती करतो, पण दोघांची समजूत एकच: माणसाच्या आत एक ठसा पक्का बसलेला असतो आणि तो जाईल तिथं तोच उमटतो.

या समजुतीला आमच्याच भागानं उत्तर दिलेलं आहे. निपाणी चिकोडी तालुक्यात होती तेव्हाची गोष्ट. व्यापारी म्हणेल त्या भावाला मान डोलावणारा तंबाखूचा शेतकरी म्हणजे गरीब गाय, असा त्याचा लौकिक. 1981 च्या मार्चमध्ये शेतकरी नेते शरद जोशींच्या हाकेसरशी हीच माणसं पुणे-बंगळूर महामार्गावर ठाण मांडून बसली. एप्रिलमध्ये पोलिसांचा गोळीबार झाला, त्यात शेतकरी मारले गेले. वखारीत मान खाली घालून राबणाऱ्या बायकांनीही त्याच सुमारास संघटना उभी केली. दीपा धनराज यांच्या 'युगांतर' गटानं त्यांच्यावर माहितीपट काढला. हजारो माणसांचे स्वभाव काय एका हंगामात पालटले? नाही. ज्याला आपण गरीब स्वभाव म्हणत होतो, तो एकेकट्यानं व्यापाऱ्यासमोर उभं राहण्याचा परिणाम होता. एकटेपण सुटलं, तशी गायही दिसेनाशी झाली.

राहिलं औषध. मानसशास्त्रज्ञ ब्रेंट रॉबर्ट्स आणि सहकाऱ्यांनी 2017 मध्ये 207 अभ्यास एकत्र तपासले. सरासरी 24 आठवड्यांच्या उपचारांनी चिंतातुर, अस्थिर स्वभावात मोजता येईल इतका फरक पडलेला दिसला. म्हण जुनी आहे म्हणून ती खरी ठरत नाही.

आता शास्त्राचा पक्ष. लोकांचं ते अडाणी, आमचं ते मोजलेलं, असा काहींचा तोरा असतो. पण हे मोजमाप आलं कुठून? ऑलपोर्ट आणि ऑडबर्ट यांनी 1936 मध्ये इंग्रजी शब्दकोशातून माणसाचं वर्णन करणारे सुमारे 18 हजार शब्द वेचले. ते चाळत चाळत पुढच्या संशोधकांनी पाच मोठे गुण हाती धरले: बहिर्मुखता, सौजन्य, कर्तव्यदक्षता, भावनिक अस्थिरता आणि नव्याची ओढ. म्हणजे बियाणं चव्हाट्यावरच्या बोलण्याचंच. फक्त त्यांनी विशेषणं तेवढी उचलली, वाक्यं तशीच सोडली. शिवाय प्रश्नावली भरणार तो माणूस स्वतः. नोकरीच्या अर्जासोबतच्या कागदावर 'मी आळशी आहे' यासमोर कोण खूण करील? त्यापेक्षा चार दारांवर जाऊन केलेली आमची चौकशी बरी, कारण तिथं साक्षीदार तरी वेगवेगळे असतात.

आणि माणूस भाषा बदलतो तेव्हा काय करायचं? स्पॅनिश-इंग्रजी द्विभाषिकांवरच्या 2006 च्या एका अभ्यासात तीच माणसं इंग्रजी प्रश्नावलीत अधिक बहिर्मुख भरली. चिकोडीकराला याचं नवल वाटू नये. कचेरीत कन्नडमध्ये अदबीनं बोलणारा गृहस्थ घरी मराठीत कसा कडाडतो, हे त्याच्या बायकोला विचारा.

इथं तिसरा पक्ष उडी मारतो: मग स्वभाव नावाची गोष्टच नाही, सगळा परिस्थितीचा खेळ! मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेल यांच्या 1968 च्या पुस्तकानं या मताला जोर दिला. एका प्रसंगातल्या वागण्यावरून दुसऱ्या प्रसंगातलं वागणं फारसं ओळखता येत नाही, असं त्यांनी दाखवलं. पण दर महिन्याच्या एक तारखेला चुकती होणारी उधारी ही काही परिस्थितीची लहर नव्हे. पुढं मिशेल आणि शोडा यांनीच उन्हाळी शिबिरातल्या मुलांवर नजर ठेवली, तेव्हा दिसलं ते असं: एखादं पोर सोबत्यानं चिडवलं की अंगावर जातं, मोठ्यानं दटावलं की मुकाट ऐकतं, दुसऱ्याचं नेमकं उलट. आणि ज्याचं त्याचं हे वळण पुन्हा पुन्हा तसंच दिसतं. स्वभाव आहे. पण तो 'असं झालं की तसं' या वळणात आहे. आमचा दुकानदार याहून वेगळं काय म्हणाला होता?

म्हणून माझा पक्ष: स्वभाव विशेषणात मावत नाही, त्याला पुरतं वाक्य लागतं. आपल्या भाषेला हे ठाऊक आहे. ती माणसाला सरसकट उदार म्हणून मोकळी होत नाही. हाताचा सैल म्हणते, तोंडाचा फटकळ, कानाचा हलका. दासबोधातली मूर्खलक्षणं उघडून बघा. समर्थांनी मूर्खाची व्याख्या न करता तो काय काय करतो त्याची यादी दिली. मानसशास्त्रज्ञ जोन मिलर यांनी 1984 मध्ये शिकागोची आणि आमच्याच कर्नाटकातल्या म्हैसूरची माणसं ताडून पाहिली. दुसऱ्याच्या वागण्याचं कारण सांगताना अमेरिकन प्रौढ स्वभावाकडे बोट दाखवत, म्हैसूरकर नात्याकडे आणि प्रसंगाकडे. लहान मुलांत हा फरक जवळजवळ नव्हता. म्हणजे माणूस वाचण्याची रीत आपण शिकतो, आणि फलकांच्या नादानं विसरूही शकतो.

कुणी म्हणेल, ही दोषाला पळवाट झाली. उलट आहे. 'मी तापटच' म्हणणाऱ्याला करण्यासारखं काही उरत नाही. 'धाकट्यानं उलट उत्तर दिलं की माझा तोल जातो' एवढं ज्याला कळलं, त्याला तोल सावरायची जागाही कळली.

दाजींना मी हे एवढं सगळं ऐकवलं नाही. चहा पिता पिता ते स्वतःच म्हणाले, "पुढच्या खेपेला त्या धाकट्या भावाला भेटूया."